दात मोजू नका, रबर ताणून बघा : चोपता–चंद्रशिलेसाठी साखळीचे मायक्रोस्पाइक

एप्रिलच्या सुरुवातीला इंदुरात पंखे पाचवर फिरत असतात आणि तिकडे गढवालात, चोपत्याच्या वर, तुंगनाथच्या शिवमंदिराच्या वाटेवर हिवाळ्यातला बर्फ अजून ठाण मांडून असतो. मंदिराची दारं उघडलेली नसतात, देव खाली मक्कूमठ गावात असतात, वाटेवरच्या टपऱ्या बंद. गर्दी नाही आणि पहाटेची हवा निवळ असली तर मंदिराच्या वरच्या चंद्रशिला माथ्यावरून चौखंबा, त्रिशूळ, नंदादेवी अशी रांग दिसते. चोपता सुमारे २,७०० मीटरवर, तुंगनाथ सुमारे ३,६८० मीटरवर. अंतर साडेतीन-चार किलोमीटर, माथ्यापर्यंत आणखी दीडेक. चढ बेताचाच आहे. घात करतो तो दिवसा वितळून रात्री पुन्हा काचेसारखा गोठलेला थर. त्यासाठी मायक्रोस्पाइक.

बुटावर ताणून चढवायचा रबरी पट्टा, त्याला तळाशी साखळ्या, साखळ्यांना जेमतेम एक सेंटिमीटरचे पोलादी दात, एवढीच ही वस्तू. इथे विचार केलाय तो ऑनलाइन सहज मिळणाऱ्या १८ ते २४ दातांच्या सर्वसाधारण जोड्यांचा. त्यांची सगळी जाहिरात दातांच्या आकड्यावर चालते आणि तोच आकडा सगळ्यात शेवटी बघावा असं आमचं ठाम मत आहे. या वाटेला १८ दात पुरतात. दात तुटून जोडी बाद होणं विरळा. बाद होते ती रबरामुळे.

चांगला पट्टा थंडीतही लवचीक राहतो. स्वस्तातला दुकानात मऊ लागतो आणि शून्याखाली ताठ होतो. मग पहाटे पाच वाजता, बोटं बधिर झालेली असताना, तो टाचेवर चढतच नाही किंवा साखळी अडकवलेल्या भोकापाशी चिरतो. याची परीक्षा घरीच होते. जोडी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढल्या काढल्या, ऊब लागायच्या आत, बुटावर चढवा. ताणताना पांढऱ्या रेघा उमटल्या, भोकाच्या कडेला भेग दिसली किंवा पट्टा हलायलाच तयार नसेल, तर मुदतीत परत करा. भोकांभोवती रबर जाड हवं. धातूची कडी बसवलेली असेल तर उत्तमच.

दुसरी तपासणी कड्यांची. साखळीची प्रत्येक कडी जिथे मिटते तो सांधा बघा. डाग देऊन जोडलेला असेल तर ठीक. नुसता वाकवून टेकवलेला असेल तर दगडावर भार पडल्यावर उघडतो. दुरुस्तीला बाइंडिंग वायरचा हातभर तुकडा जवळ ठेवावा. बरेच जण केबल टाय नेतात, पण साधा प्लॅस्टिकचा टाय कडक थंडीत तडकतो, तारच भरवशाची.

मापात सगळ्यात जास्त फसगत होते. पट्टा पायाच्या नव्हे, बुटाच्या बाहेरच्या आकारावर बसतो आणि ट्रेकिंगचा आठ नंबर साध्या खेळाच्या बुटाच्या आठपेक्षा चांगलाच रुंद असतो. जोर न लावता चढली ती जोडी सैल समजा. चवड्याखाली साखळी लोंबता कामा नये. चढवताना आधी पुढचा भाग, मग टाच, मग दोन्ही बाजू सारख्या उंचीवर. पायावरून आडवा जाणारा वेल्क्रोचा बंद असलेली जोडीच घ्या, उतारावर पट्टा फिरत नाही. घरच्या फरशीवर चालून बघायचा मोह टाळा. फरशीही जाते आणि दातही. बागेतली ओली माती बरी.

बूट माळ्यावर तीन-चार पावसाळे पडून असतील तर आधी तेच वाकवून बघा. मधला फेसाळ थर दमटपणाने आतून भुगा होतो, वरून कळत नाही आणि तळवा वाटेतच सुटतो. दोन-तीन रविवार इंदूरजवळचा जानापाव डोंगर चढून आलात की बुटाची आणि गुडघ्यांची एकदमच परीक्षा होईल.

प्रत्यक्ष वाटेवर : तुंगनाथपर्यंत दगडी फरसबंदी आहे. हंगामाच्या सुरुवातीला कुठे ती उघडी, कुठे बर्फाखाली. कंटाळा करून स्पाइक पायातच ठेवले तर उघड्या दगडावर दात बोथट होतात आणि घोटा मुरगळतो. पुढची शंभर पावलं कोरडी दिसत असतील तर काढा. घालताना मात्र गोठलेला उतार लागायच्या आधी, सपाटीवर थांबून घाला.

ऊन वर आलं की दुसरी अडचण. ओला बर्फ साखळ्यांत गोळा होऊन चिकटतो, दात त्यात बुडतात आणि आपण बर्फाच्या लाडवांवर चालायला लागतो. काठीने बुटाच्या कडेला ठोकून तो पाडत राहावा लागतो. याच वेळी पाय गुडघ्यापर्यंत आत जायला लागतात, विशेषतः खडकांच्या आणि बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) झाडांच्या बुंध्यालगत, कारण तिथला बर्फ खालून पोकळ झालेला असतो. घोट्यावर गेटर (बुटावरून नडगीला गुंडाळायची कापडी आवरणं) असतील तर बूट भरत नाहीत. त्यांचा तळाचा पट्टा स्पाइकच्या आत घ्यावा. पण खरा उपाय घड्याळात आहे. पहाटे चार-साडेचारला डोक्याला दिवा लावून निघा आणि अकराच्या आत तुंगनाथच्या खाली या.

तुंगनाथच्या वर या वस्तूची मर्यादा दिसते. तिरक्या, कडक, लांब उतारावर एवढेसे दात पाय धरून ठेवू शकत नाहीत. तिथे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब पोलादी दात), आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि ती वापरता येणारा माणूस हवा. तसा थर दिसला तर मंदिरापासूनच मागे फिरा. माथ्यावर कडेला साठलेला बर्फ हवेत पुढे आलेला असू शकतो. फोटोसाठी टोकाशी जाऊ नका.

चोपत्याला भाड्याने स्पाइक आणि गमबूट मिळतात. स्पाइक भाड्याचे चालतील, पण भोकं आणि कड्या तपासूनच. गमबुटावर मात्र पट्टा फिरतो आणि घोट्याला आधार नाही, म्हणून ते नकोच. गॉगल टाळू नका. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो.

इंदूर ५५० मीटरवर आहे, त्यामुळे थेट माथा गाठायची घाई नको. एक मुक्काम उखीमठला, एक चोपत्याला. डोकं ठणकून उलटी झाली तर तिथूनच उतरायचं. वाटेत काही मिळत नाही, तेव्हा दशम्या, शेंगदाण्याचे लाडू आणि दोन लिटर पाणी पाठीवर. बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, मग बूच मोकळं राहतं.

परतल्यावर जोडी धुऊन पूर्ण वाळवा, रबराला टाल्कम पावडर लावा आणि सावलीत ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेलं रबर पुढच्या वर्षी भरवशाचं नसतं. जुन्या जोडीचीही, निघायच्या आठवडाभर आधी, पुन्हा एकदा फ्रीजरची परीक्षा घ्या.