नगरपरिषदेचा बेघर निवारा : पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते सांगतो

डिसेंबरात आमच्या गावच्या एका काकाले घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणच्या या निवाऱ्यात गेलो होतो, नंतर अजून तीनदा जाऊन आलो, म्हणून लिहितोय. काका अकरा रात्री एसटी स्टँडवर झोपत होते अन् आम्हाला गावात पत्ताच नाही.

आधी सोय सांगतो. रात्री दहाला गेट वाजवलं तर लगेच उघडलं. लोखंडी पलंग, गादी, चादर, जाड ब्लँकेट, संडास-बाथरूम धुतलेले. गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळतं, म्हाताऱ्यांनी लवकर उठावं. संध्याकाळचं जेवण मिळतं, वरण-भात-पोळी-भाजी, दुपारचं आपलं आपण पाहायचं. बायकांची खोली वेगळी आहे, आतून कडी लागते. आधार नव्हतं तरी ठेवून घेतलं, हे मला सगळ्यात आवडलं, आणि पुढे निवाऱ्याच्याच दाखल्यावर काकांचं आधार निघालं. तिथल्या ताई रजिस्टर भरताना म्हणाल्या, काका घर कधी सुटलं? तर काका म्हणे, "घर होतंच कुठं माय, कोठ्यातच रायलो म्या."

खरंच आहे ते. तीस वर्षं एकाच घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. पाडव्याला साल ठरायचं, राहायचं शेतातल्या कोठ्यात बैलांजवळ. मग ट्रॅक्टर आला, बैल गेले, काकांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि एका पाडव्याला मालकानं साल ठरवलंच नाही. कोणी हाकललं नाही हो, फक्त बोलावलं नाही. घरकुलाचं म्हणाल तर रेशनकार्डावर नाव भावाच्या कुटुंबात, भावाला घरकुल भेटलं म्हणजे कागदावर काकांनाही भेटलं. वेगळं मागायला गेले तर जागा दाखवा, नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घर-जागेचा उतारा) आणा. प्रधानमंत्री आवासचे १ लाख २० हजार बांधायला आहेत, जागा आधी आपली पाहिजे. जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजना आहे पण तीही घरकुलासाठी पात्र ठरलेल्यालाच, आणि ई-क्लासवर, म्हणजे सरकारी पडीक जमिनीवर, झोपडी टाकली तर अतिक्रमण. दारू पिऊन घर घालवलं असेल असं स्टँडवर लोक बोलत होते, काकांनी जन्मात सुपारी खाल्ली नाही, मला त्या बोलण्याचा फार त्रास झाला.

आता एक स्टार का कापला. निवाऱ्याची पाटी गल्लीच्या आत आहे, स्टँडवर बाणसुद्धा नाही, अन् ज्याला लागतो तो माणूस तर स्टँडवरच बसलेला असतो, त्यात बऱ्याच जणांना वाचता येत नाही. रात्री त्यांना उठवणारा गार्ड तरी सांगू शकतो ना, की बाबा तिकडे जा. दुसरं म्हणजे हा दोष या निवाऱ्याचा नाही, योजनेचाच आहे. निवारे शहरांसाठी, १ लाख लोकसंख्येमागे एक असा नियम. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर बेघर मोजले त्यातले ८ लाखांवर खेड्यातले होते, त्यांच्यासाठी तालुक्याला काय आहे? देवळाचा ओटा, नाहीतर शाळेचा व्हरांडा. ज्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले, ज्यांनी जागोजागी धर्मशाळा बांधल्या, त्याच आपल्या वऱ्हाडात त्यांच्या दशसूत्रीतले "बेघरांना आसरा" हे शब्द भिंतीवर राहतात अन् माणूस ओट्यावर, हे मला तरी सहन होत नाही.

काकांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, निवाऱ्यातल्याच लोकांनी शिबिरात नेलं. आता सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ते अंगण झाडतात, कोणी सांगितलं नाही.

कोणाला काही द्यायचं असेल तर ब्लँकेट नका नेऊ, गठ्ठे पडलेत. आठ-नऊ नंबरच्या चपला, लुंग्या, मोठ्या मापाचे स्वेटर आणि दाढीचं सामान लागतं. जायच्या आधी तिथल्या ताईंना विचारून जा, दुपारी चारनंतर भेटतात.