रात्रीचं जेवण आधी ठरवा, मग हॉटेल: पुण्यातल्या बत्तीस रात्रींचा अनुभव

दसऱ्यानंतर आमच्या पुण्याच्या खेपा सुरू झाल्या. नाशिकजवळ मी आणि माझ्या जाऊबाई बकरीच्या दुधाचं चीज करतो आणि आमचं बरंचसं गिऱ्हाईक म्हणजे पुण्यातली चांगली रेस्टॉरंट्स. महिन्यातून दोन खेपा, दर खेपेला दोन रात्री. आठ महिन्यांत सोळा खेपा, बत्तीस रात्री, पाच हॉटेलं. शेवटच्या अठरा रात्री एकाच ठिकाणी काढल्या. ते सापडेपर्यंत जे पैसे आणि झोप गेली, ती तुमची जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमची गरज आधी सांगते. शेफ मंडळी भेटतात ती दुपारी साडेतीन ते सहा. जेवणाची वर्दळ संपलेली असते आणि रात्रीची तयारी अजून अंगावर आलेली नसते. त्या अडीच तासांत दोन-तीन किचन गाठायची, नमुने द्यायचे, हिशेब करायचा. मग रात्री त्यांपैकी एका ठिकाणी गिऱ्हाईक म्हणून टेबल घेऊन बसायचं, कारण आपलं चीज ताटात कसं येतं ते तिथेच कळतं. एकदा भाजलेल्या बीटावर आमचं चीज इतकं गार आलं होतं की त्याला चवच लागेना. दुसऱ्या दिवशी शेफला सांगितलं, वाढायच्या अर्धा तास आधी फ्रिजमधून बाहेर काढून ठेवा. पुढच्या खेपेला तीच डिश खाताना जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले. तेव्हा रात्रीचं जेवण ही आमच्यासाठी हौस कमी आणि काम जास्त आहे, आणि हॉटेल त्या जेवणाच्या जवळच हवं.

पहिलं हॉटेल स्टेशनजवळ घेतलं. आमची जेवणं बहुतेक कोरेगाव पार्कात, बुकिंग करताना 'कोरेगाव पार्क 2 किमी' असं लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. संध्याकाळी साडेसातला निघालो, पंचवीस मिनिटं लागली, तेही चाललं. अडचण परतताना आली. रात्री सव्वाअकरा, दोघीजणी काठपदराच्या साड्यांत, आणि रिक्षावाला म्हणतो, "एवढ्या जवळ नाही येणार, ताई." दुसरा नाही, तिसरा नाही. अ‍ॅपवरची गाडी दोनदा रद्द झाली. शेवटी रेस्टॉरंटच्या मॅनेजरनं ओळखीची रिक्षा बोलावून दिली. दोन किलोमीटर हे फार वाईट अंतर आहे. रात्री चालायला लांब आणि रिक्षावाल्याला जवळ. पुण्यात एक तर आठ-दहा मिनिटांत चालत पोचाल इतकं जवळ राहा, नाहीतर सरळ चार-पाच किलोमीटर लांब स्वस्तात राहून जाण्या-येण्याची गाडी ठरवून टाका.

दुसऱ्यांदा कल्याणीनगर. नकाशावर कोरेगाव पार्कला खेटून दिसतं, पण मध्ये मुळा-मुठा आहे. नदी ओलांडायची तर पूल, आणि संध्याकाळी पुलावर सगळं पुणे आपल्याच पुढे उभं आहे असं वाटतं. कल्याणीनगरात स्वतःची चांगली रेस्टॉरंट्स आहेत. तिथेच जेवणार असाल तर तिथेच राहा, तक्रारीला जागा नाही. रोज नदी ओलांडायचा बेत मात्र करू नका. नकाशात सरळ रेघ मारून अंतर मोजू नका, पायी रस्ता दाखवायला सांगा.

तिसरी खेप पंचतारांकित हॉटेलात. हा मार्ग चुकीचा अजिबात नाही. पुण्यातलं बरंच उत्तम जेवण मोठ्या हॉटेलांच्या आतच आहे: सेनापती बापट रस्त्यावरच्या जेडब्ल्यू मॅरियटमधलं गच्चीवरचं पाशा आणि इटालियन आल्टो व्हिनो, मंगलदास रस्त्यावरच्या कॉनरॅडमधलं कोजी, येरवड्याच्या रिट्झ-कार्लटनमधलं जपानी उकियो. लिफ्टनं जेवायला जायचं आणि लिफ्टनं झोपायला. सोबत वयस्कर माणसं असतील, पावसाळा असेल किंवा एकच रात्र असेल, तर मी आजही हेच सुचवेन.

फक्त बिलाचं गणित नीट समजून घ्या, कारण ते खोलीचा दर बघताना कुणी सांगत नाही. आदल्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलातल्या एखाद्या खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर गेलं असेल, त्याच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर 18 टक्के जीएसटी लागतो. बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये 5 टक्के. म्हणजे सहा हजारांच्या जेवणावर एकीकडे 1,080 रुपये कर आणि दुसरीकडे 300. खोलीचंही तसंच. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 पर्यंतच्या खोलीवर 5 टक्के, त्यावर एक रुपया गेला की 18. आम्ही महिन्यातून चार रात्री राहतो, आम्हाला हा फरक जाणवतो. वर्षातून एकदा लग्नाच्या वाढदिवसाला जाणाऱ्यांनी त्याचा विचारही करू नये.

चौथ्या हॉटेलानं आम्हाला रडवलं. जागा उत्तम, खोली स्वच्छ, रेस्टॉरंट्स पायाखाली. तीन किलो ताजं चीज खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवून आम्ही जेवायला गेलो. दाराशेजारच्या खाचेतलं कार्ड काढलं की खोलीतली सगळी वीज जाते, हे माहीत होतं. त्यात फ्रिजही आला, हे डोक्यातच आलं नाही. पावणेबाराला परतलो तर फ्रिजच्या दाराखाली पाण्याचा ओघळ. डबा उघडला, वरची साय सुटलेली, कडेला पिवळसर पाणी. जाऊबाईंनी वास घेतला, झाकण लावलं आणि काही न बोलता डबा बाजूला ठेवला. ते चीज पहाटे चारला उठून बांधलेलं होतं. काउंटरवर सांगितलं तर उत्तर मिळालं, पाहुण्यांच्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही. आमचं चीज राहू द्या, कुणाचं इन्सुलिन असतं तर? तेव्हापासून बुकिंगच्या आधी मी फोन करून एक प्रश्न विचारतेच: कार्ड काढल्यावर फ्रिज चालू राहतो का? निम्म्या ठिकाणी उत्तर देणाऱ्यालाही माहीत नसतं. बघून सांगा म्हणायचं, लाजायचं नाही.

आता पाचवं, जिथे आम्ही टिकलो. कोरेगाव पार्कच्या आतल्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याचं केलेलं छोटं हॉटेल. वडांच्या पारंब्यांखालून गल्ली जाते. इथून मलाका स्पाइस चालत जाण्याजोगं आहे. आग्नेय आशियाई जेवणाची पुण्याला गोडी लावणाऱ्या जुन्या ठिकाणांपैकी ते एक. आर्थर्स थीम युरोपीय जेवणासाठी. ओशो आश्रमाच्या शेजारी, सुंदरबन हॉटेलच्या आवारात दारिओज आहे, शाकाहारी इटालियन. जाऊबाईंचा गुरुवार असतो, म्हणून आमचा गुरुवारही तिथलाच. झाडाखाली बसून गरम रॅव्हिओली खाताना घाईनं बोलायची इच्छाच होत नाही.

हे हॉटेल पक्कं करण्याआधी मी एक परीक्षा घेतली, ती तुम्हीही घ्या. रात्री पावणेअकराला रेस्टॉरंटच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत चालून पाहिलं. दिवे कुठे आहेत, फूटपाथ कुठे तुटतो, कुत्री कुठल्या वळणावर बसतात, दुकानं किती वाजता बंद होतात. नऊ मिनिटं लागली. फाटकापाशी रखवालदारकाका खुर्ची टाकून बसले होते. मी अजून तिथली पाहुणीही नव्हते, तरी उठून म्हणाले, "ताई, फाटक अकराला ओढून घेतो, पण कडी वाजवा. मी जागाच असतो." खोली मी त्या वाक्यावर घेतली, आणि आठ-नऊ खेपांत काका एकदाही झोपलेले सापडले नाहीत.

उणिवा आहेत. पहिल्या रात्री पुढची खोली मिळाली होती आणि नॉर्थ मेन रोडवरच्या गाण्यांचा ठोका एक वाजेपर्यंत उशीतून येत होता. आता बुकिंग करतानाच मागची खोली मागते. गरम पाणी यायला सहा-सात मिनिटं लागतात. नाश्त्याला पोहे, उपमा, ब्रेड यापलीकडे काही नाही, पण पोहे ताजे असतात आणि वर ओलं खोबरं असतं. पावसाळ्यात गल्लीच्या तोंडाशी घोटाभर पाणी साचतं. गाडी लावायला दोनच जागा आहेत, त्यामुळे चाकणच्या कोंडीतून दमून आल्यावर कधी कधी गल्लीत चक्कर मारत बसावं लागतं. शिवाय शनिवारचा दर चढा. मोठ्या हॉटेलांत मला उलटं दिसलं: कंपनीची माणसं गेली की शनिवार-रविवारी खोली स्वस्त मिळते. म्हणून आम्ही मंगळवार ते गुरुवारच येतो.

डिसेंबरच्या मध्यात, सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत आयत्या वेळी खोली मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही राहिलो आणि एक रात्र हडपसरला भाचीकडे काढली.

सर्व्हिस चार्जबद्दल दोन ओळी, कारण महागड्या जेवणात तो हजारात जातो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलं आहे की तो आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. आम्ही तो शांतपणे काढायला सांगतो आणि वाढणाऱ्या मुलाच्या हातात पैसे देतो. आजवर कुणी वाद घातला नाही.

तुमचं उत्तम जेवण म्हणजे आपटे रस्त्यावरची श्रेयसची थाळी आणि सकाळी वैशालीचा डोसा असेल, तर कोरेगाव पार्कात राहायची गरज नाही, डेक्कनला राहा. आम्हीही दुपार मोकळी असली की तिकडे जातो. बंड गार्डनहून डेक्कनला मेट्रो न बदलता नेते. मात्र कोरेगाव पार्कच्या गल्ल्यांपासून बंड गार्डन स्थानकापर्यंत रिक्षा लागते, ते धरून चला.

पुढची खेप पालख्या पुण्यातून हलल्यावर. मागची खोली, दुसरा मजला, फ्रिजचा बटण वेगळा आहे ती. काल फोन केला तेव्हा तिकडून विचारलं, "ताई, या वेळी चीज किती आणताय? फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या काढून ठेवतो."