मोनोटाइप कार्यशाळा: आठ महिन्यांच्या सरावानंतरचा अनुभव

मोनोटाइप म्हणजे गुळगुळीत प्लेटवर शाईने चित्र काढून त्याचा कागदावर घेतलेला, एकदाच नीट उमटणारा ठसा. त्याच्या कार्यशाळेत पहिल्या दिवशी प्रिंट छान येते, कारण शाई आणि कागद दोन्ही शिकवणाऱ्याने तयार ठेवलेले असतात. आठ महिन्यांनंतर ठामपणे सांगता येते की खरं काम याच दोन गोष्टींत आहे. म्हणून नाव नोंदवण्याआधी एवढंच विचारावं: शाई आम्ही लावायची का, कागद आम्ही भिजवायचा का?

आधी शाई. १५ × २० सेंटीमीटरच्या प्लेटला वाटाण्याएवढी पुरते. नवशिका दुप्पट-तिप्पट घेतो आणि प्रेसखाली (कागद प्लेटवर दाबणाऱ्या यंत्राखाली) ती फाकून सगळं चित्र गिळते. रोलर फिरताना कान द्यावा. थर नीट असेल तर बारीक, एकसारखी चरचर ऐकू येते. चटचट असा चिकट आवाज आला आणि पृष्ठभाग रवाळ दिसू लागला, की शाई जास्त झाली. अशा वेळी रोलर रद्दी कागदावर फिरवून पुन्हा प्लेटवर आणायचा. शाई घट्ट असेल तर अळशीच्या तेलाचे एक-दोन थेंब, सैल असेल तर चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट.

काळ्या थरातून पुसून चित्र काढताना एक चूक हमखास होते. इअरबडने (कापूस लावलेल्या काडीने) रेघ ओढली की शाई बाजूला सरकते आणि रेघेच्या दोन्ही कडांना तिचे बारीक बांध साचतात. प्लेटवर रेघ स्वच्छ पांढरी दिसते, पण दाब पडला की ते बांध आत पसरतात आणि कागदावर रेघ अर्धी बुजलेली येते. उपाय सोपा आहे: प्रत्येक रेघेनंतर इअरबड बदलायचा आणि कडा कोरड्या चिंधीने अलगद टिपायच्या. पुसायच्या नाहीत.

कागदाचं गणित दोन प्रकारचं आहे. प्रेस असेल तर २५० ते ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) जाड सुती कागद २०-३० मिनिटं भिजवून टिपकागदात दाबायचा. तिरपा धरून पाहिल्यावर पाण्याची चकाकी दिसता कामा नये, पण हाताला गारवा लागला पाहिजे. चकाकी राहिली तर तिथे शाई बसत नाही, पांढरे डाग पडतात. प्रेस नसेल तर मात्र जाड ओल्या कागदाच्या नादी लागू नये. पातळ, गुळगुळीत, कोरडा कागद घेऊन लाकडी चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासावं. घरी निराशा होते ती बहुतेक याच अदलाबदलीमुळे.

प्लेट २-३ मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक शीट उत्तम, पण कडा कानशीने तिरप्या केल्याच पाहिजेत, नाहीतर कागद आणि प्रेसचं ब्लँकेट (कागदावर अंथरलेलं जाड लोकरी कापड) दोन्ही कापले जातात. काच हाताने घासायला चालते, प्रेसखाली अजिबात नाही.

पहिल्या प्रिंटनंतर प्लेटवर उरलेल्या शाईतून निघणारी दुसरी, फिकी घोस्ट प्रिंट टाकून देऊ नये. फ्रेंच चित्रकार एडगर देगा अशा प्रिंटवर पेस्टल चढवत असे, आणि तो फिका आराखडा रंगासाठी खरोखरच उत्तम पाया ठरतो. दोन तासांच्या कार्यशाळेत इथवर वेळच पुरत नाही, ही मोठी उणीव. पूर्ण दिवसाची निवडावी.

जेल प्लेट, म्हणजे जेलीसारखी मऊ, लवचीक प्लेट, हे वेगळं साधन आहे. अ‍ॅक्रिलिक रंग तिच्यावर काही मिनिटांत वाळतो, त्यामुळे पानांचे ठसे सुरेख येतात, पण सावकाश पुसत छटा काढणं जमत नाही. टोकदार काहीही लावलं तर चरा कायमचा राहतो.

साफसफाईला आधी खाद्यतेल, मग साबण. अ‍ॅक्रिलिक शीटला थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नये, ती धुरकट होते. आणि हे कार्यशाळेत सांगतातच असं नाही: अळशीच्या तेलाची शाई पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात.