करवसुलीचा मंत्री: कॅनडा की ब्रिटन?

कॅनडात टॅक्स गोळा करायला वेगळा मंत्रीच असायचा, मिनिस्टर ऑफ नॅशनल रेव्हेन्यू, 1927 पासून. बजेट आणि धोरण अर्थमंत्र्याचं, वसुली याची. गंमत म्हणजे तिथल्या इन्कम टॅक्स कायद्यात तुमचं रिटर्न 'मंत्री' तपासेल असंच लिहिलंय, म्हणजे कागदोपत्री सगळं तोच करतो, प्रत्यक्षात अर्थातच कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीचे लोक करतात आणि मंत्री संसदेत उत्तरं देत बसतो. 2025 मध्ये पंतप्रधान कार्नींच्या सरकारने हे खातं अर्थमंत्र्याकडेच जोडून टाकलं.

ब्रिटनमध्ये उलटं. एचएमआरसी, म्हणजे तिथलं टॅक्स खातं, 2005 ला दोन जुनी खाती एकत्र करून झालं आणि ते नॉन-मिनिस्टिरियल, म्हणजे रोजचा कारभार कमिशनर बघतात, ट्रेझरीचा (अर्थखात्याचा) एक ज्युनियर मंत्री फक्त वर लक्ष ठेवून असतो, कोणाचा टॅक्स किती यात त्याने नाक खुपसायचं नाही.

मला विचाराल तर ब्रिटनवालं बरं, नेत्याच्या हातात कोणाची फाईल नकोच. पण हेल्पलाईनवर कोणी फोनच उचलत नसेल तर जाब विचारायला कॅनडात होता तसा एक ठरलेला माणूस समोर असलेला परवडतो बाबा.