संपादक व्हायचंय: नाशिकमध्ये सुरुवात डेस्कवर करावी की बातमीदारीत?

अंकाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव असतं. संपादकाच्या नावापुढे बऱ्याच ठिकाणी 'बातम्यांच्या निवडीसाठी जबाबदार' असंही छापलेलं असतं. ही ओळ १८६७ च्या कायद्यातून आली. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. सुरुवात कुठून करायची हे ठरवताना त्या ओळीतला 'निवड' हा शब्द डोळ्यांसमोर ठेवावा.

बातमीदाराचा दिवस सकाळी दहाच्या सुमारास महापालिका, झेडपी, पोलीस आयुक्तालय किंवा कोर्टात सुरू होतो आणि सहा-सातपर्यंत कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, द्यायची असते. डेस्कवर बातम्या तपासून पानं लावणारा उपसंपादक दुपारी तीन-चारला येतो आणि शहर आवृत्तीचं शेवटचं पान सुटेपर्यंत, म्हणजे साधारण साडेबारा-एकपर्यंत, बसतो. बातमीदाराला बायलाइन मिळते, म्हणजे बातमीवर नाव येतं, ओळखी वाढतात, कागदपत्रं कुठे मिळतात ते कळतं. उपसंपादकाचं नाव कुठेच येत नाही. नव्या मुलांचा ओढा बातमीदारीकडे असतो, तो यामुळेच.

दोन्ही कामं शेजारी ठेवून बघायची तर पुराची रात्र घ्या. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की बातमीदार गोदाघाटावर पोचतो. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, हे तो डोळ्यांनी पाहून कळवतो. नाशिककर पूर याच मापाने मोजतात. त्याच वेळी डेस्कवर विसर्गाचे आकडे येत असतात, पाचचा वेगळा, आठचा वेगळा. तालुक्यांना जाणारी डाक आवृत्ती आधी सोडावी लागते, कारण गाड्यांना सुरगाणा, मालेगाव, नांदगाव गाठायचं असतं. तिच्यातला आकडा शहर आवृत्तीत तसाच राहिला, तर घाटाजवळ राहणारा माणूस सकाळी शिळा आकडा वाचून दुकान उघडायचं की सामान हलवायचं ते ठरवतो. म्हणून आकड्याशेजारी वेळ लिहायचीच. पान सोडण्याआधी मथळा, इंट्रो (बातमीची सुरुवात), चौकट आणि फोटोओळ या चारही जागा तपासायच्या. मजकूर बदलतो आणि चौकट राहून जाते, असं हमखास होतं. क्युसेक आणि दलघफू यांचीही गल्लत होते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला वाहणारे घनफूट, दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट, हा साठा.

लासलगावच्या कांद्याची बातमीही अशीच जपून हाताळावी लागते. बाजार समिती क्विंटलमागे किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव देते. कमाल भाव एखाद्याच ट्रॅक्टरला मिळालेला असू शकतो. मथळ्यात तो चढवला, की निफाड-चांदवडचा शेतकरी त्या आशेवर माल घेऊन येतो आणि हातात भलतीच पट्टी पडते. मथळ्यात सरासरी भावच द्यावा. हे लिलावात उभं राहिलेल्या बातमीदाराला आपोआप कळतं. डेस्कवरच्याला ते कळायला एकदा तरी लासलगाव गाठावंच लागतं.

कायद्याची शिस्त मात्र डेस्कवर जास्त पक्की होते. पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम २३ नुसार पीडित मुलाची किंवा मुलीची, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कार पीडितेची ओळख उघड करता येत नाही. नुसतं नाव गाळून भागत नाही. शाळा, वस्ती, वडिलांचा धंदा, सगळं बघावं लागतं. आरोपी नात्यातला असेल, तर त्याचं नाव छापल्यानेही मुलगी ओळखू येते. पेठ तालुक्यातल्या छोट्या पाड्यावर तर गावाचं नावही पुरेसं होतं.

बातमीदारीतला सगळ्यात मोठा धोका म्हणजे वर्षानुवर्षं एकच बीट, म्हणजे नेमून दिलेलं एकच क्षेत्र. बातमी देणारा हळूहळू मित्र होतो आणि त्याच्याविरुद्धची बातमी हातून सुटू लागते. लहान दैनिकांत भर म्हणून वाढदिवसाच्या पुरवणीसाठी त्याच पुढाऱ्याकडे जाहिरात मागायची वेळ येते. डेस्कचा धोका वेगळा: पाच वर्षं बाहेर न पडलेला उपसंपादक प्रसिद्धिपत्रक हीच बातमी समजू लागतो.

आमचं मत असं: पहिली दोन वर्षं डेस्क, तीही डाक पानांवर. जिल्ह्याचे पंधराही तालुके रोज हाताखालून जातात, भाषा घडते आणि चूक वरिष्ठाच्या नजरेत छापण्याआधी येते. मग तीन-चार वर्षं बातमीदारी, त्यात एक शहरातलं बीट आणि एक शेतीचं. त्यानंतर मुख्य उपसंपादक म्हणून परत डेस्कवर. उलटा क्रम अशक्य नाही, पण आठ-दहा वर्षं बायलाइनची सवय झालेला माणूस निनावी खुर्चीत सहसा टिकत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी बातमीदारांची भरती निघाली तरी नुसत्या त्या मोहाने क्रम बदलू नये. नेमणूक किती महिन्यांची आहे ते आधी लेखी घ्यावं.

रात्री एकला सिडको किंवा नाशिकरोडला घरी कसं जायचं हा प्रश्न किरकोळ समजू नका. कार्यालयाची गाडी मिळते का, हे मुलाखतीतच विचारा. होकार देण्याआधी एक संध्याकाळ डेस्कवर बसायची परवानगी मागा आणि त्या दिवसाच्या पानांची डमी, म्हणजे कच्ची मांडणी, बघा: जाहिराती लागल्यावर बातम्यांना किती कॉलम उरले, आणि रात्री दहाला अर्ध्या पानाची जाहिरात आली तर कुठली बातमी काढायची हे संपादक ठरवतो की जाहिरात विभाग.