हिचहायकर्स गाइड: डोळ्यांना मेजवानी, कानांना अर्धपोटी

'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी' (2005) बघितलेल्या माणसाला कसा वाटला म्हणून विचारलं, की त्यानं डग्लस ॲडम्सची कादंबरी वाचलीय की नाही ते पहिल्या वाक्यातच कळतं. वाचलेले कुरकुरतात, विनोद अर्ध्यावर तोडलेत. न वाचलेले म्हणतात, मजा आली बघा, पण मधली गोष्ट कुठं गेली? दोन्ही तक्रारी रास्त आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे.

हा माल मुळात कानासाठी जन्मला. 8 मार्च 1978 ला बीबीसी रेडिओ 4 वर पहिला भाग लागला, कादंबरी 1979 ची, टीव्ही मालिका 1981 ची. ॲडम्सचा विनोद लांबलचक, गंभीर चेहऱ्याच्या वाक्यात असतो आणि शेवटच्या चार शब्दांत फुटतो. पडद्यावर 109 मिनिटांत पृथ्वी उडवायची, अंतराळ फिरायचं आणि प्रेमप्रकरणही मार्गी लावायचं, म्हटल्यावर कात्री नेमकी त्या चार शब्दांवर चालते.

बुलडोझरचा प्रसंग घ्या. नायक आर्थर डेंटचं घर बायपाससाठी पाडायला आलेत आणि साहेब म्हणतात, नकाशे लोकांना बघायला ठेवलेच होते की. कादंबरीत आर्थर एकेक पायरी उतरवत नेतो: तळघर, गेलेले दिवे, नसलेला जिना, मोडीत काढलेला संडास, त्यात कुलूपबंद कपाट, त्याचा तळचा कप्पा आणि दारावर पाटी, 'बिबट्यापासून सावध'. चित्रपटात मामला तळघरापाशीच आटोपतो. रस्ता रुंदीकरणाची नोटीस कुठं लागते आणि कुणाला दिसते हे इथल्या माणसाला शिकवायला नको. बिबट्याच्या पाटीवर आपल्याकडं शिट्ट्या पडल्या असत्या.

दुसऱ्या तक्रारीचा दोष बरेच जण हॉलिवूडच्या माथी मारतात, तो अर्धाच खरा. जॉन माल्कोविचनं केलेला हुमा कवुला कादंबरीत नाही, पण तो ॲडम्सनंच चित्रपटासाठी लिहिला होता. दृष्टिकोन बदलणारी बंदूकही त्याचीच. ॲडम्स 2001 मध्ये वारला. पटकथा कॅरी किर्कपॅट्रिकनं पुरी केली आणि गार्थ जेनिंग्जनं दिग्दर्शन केलं. गोची अशी, की हुमा कवुला दोन डोक्यांच्या गॅलॅक्सी-अध्यक्ष झेफॉडचं दुसरं डोकं तारण म्हणून ठेवून घेतो, बंदूक आणायला पाठवतो आणि नंतर त्या व्यवहाराचं कुणी नावच काढत नाही. बंदूक तेवढी शेवटी कामाला येते, मार्विन या रडक्या यंत्रमानवाच्या हातात, आणि तो वापर फक्कड आहे. आर्थर आणि यानातली त्याची सोबतीण ट्रिलियन यांचं प्रेम मात्र ओढूनताणून आहे. ते बाजूला ठेवून बिबट्याला जागा दिली असती तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

आता डोळ्यांचा भाग. इथं चित्रपट जोरात आहे. पृथ्वी उडवणारे परग्रहवासी व्होगॉन हे संगणकातून काढलेले नाहीत, जिम हेन्सनच्या क्रीचर शॉपनं घडवलेली खरीखुरी धुडं आहेत. हनुवटीखालची कातडी लोंबते तिला वजन असतं आणि समोरचा नटही खऱ्या वस्तूकडं बघून दचकतो. यान लोकरीचं होतं तो प्रसंग तर फ्रेम थांबवून बघा. सगळे विणलेल्या बाहुल्या होतात आणि आर्थर रंगीत लोकर ओकतो. एकेक हालचाल हातानं सरकवून टिपलेली असल्यानं धागे किंचित थरथरत राहतात. ज्या कोल्हापुरात चित्रपटमहर्षी बाबूराव पेंटरांनी कॅमेरासुद्धा स्वतः घडवला, तिथल्या प्रेक्षकानं या कारागिरीला दाद द्यायलाच हवी.

व्होगॉनांच्या ग्रहावर डोक्यात नवी कल्पना आली, की जमिनीतून फळी उसळून फाडकन तोंडावर बसते. व्होगॉन असे का झाले, हे एकही वाक्य न खर्चता कळतं. पुढं कैदी सोडवायला फॉर्म आणि रांग. कादंबरीत नसून कादंबरीच्या जातीचं असं जे काही इथं आहे, त्यात हा भाग पहिला.

मार्टिन फ्रीमन आर्थर म्हणून चपखल. ग्रह घडवणारा कारागीर म्हणून बिल नाय थोडाच वेळ आहे, पण ग्रहांच्या कारखान्यात पाळणा शिरतो तिथं तोच सगळा भाव खाऊन जातो. मार्विनच्या पोशाखात वॉर्विक डेव्हिस, आवाज ॲलन रिकमनचा. ही जोडी नाद खुळा. सॅम रॉकवेलचा झेफॉड पहिला अर्धा तास भारी, मग डोकं उठवतो.

बघायचा कसा? मोबाइलवर नकोच. गाइडच्या, म्हणजे गोष्टीतल्या अंतराळ-प्रवासाच्या बोलक्या पुस्तकाच्या, चलचित्रांत कोपऱ्याकोपऱ्यात बारीक चेष्टा आहे, ती छोट्या पडद्यावर वाचताच येत नाही. स्टीफन फ्रायचं निवेदन संगीताखाली दबतं वाटलं तर टीव्हीचा आवाज संवादाच्या सेटिंगवर घ्या आणि इंग्रजी सबटायटल लावा, नाहीतर गाइडचं निम्मं बोलणं निसटतं. हॉलमध्ये दाखवत असाल तर चित्र रुंद आहे. वरखाली काळ्या पट्ट्या येणारच, पडदा भरायला झूम केलंत तर कडेची गंमत कापली जाईल. मध्यंतर हवंच असेल तर ट्रिलियनची सुटका झाल्यावर, मॅग्राथिया ग्रहाच्या आधी घ्या. तिथल्या रेकॉर्ड केलेल्या संदेशात दिसणारा चेहरा सायमन जोन्सचा, म्हणजे रेडिओ आणि टीव्हीवरचा मूळ आर्थर; लाल-निळा चष्मा घरात पडून असेल तर तेवढ्यापुरता लावा, तो त्रिमितीत दिसतो. जुन्या मालिकेतला मार्विनही व्होगॉनांच्या रांगेत उभा आहे.

श्रेयनामावली सुरू झाली की दिवे लावू नका. मध्येच गाइडची आणखी एक नोंद येते, आर्थरचं एक साधं वाक्य अंतराळात युद्ध पेटवतं ती. तिथं शेवटचे चार शब्द शाबूत आहेत.

कादंबरी आधी की चित्रपट? चित्रपट आधी. कापलेलं काय ते माहीत नसलं की तो हलका लागतो. मग कादंबरी आणि जमल्यास रेडिओची पहिली मालिका, अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा भाग. कादंबरी त्यातल्या पहिल्या चारांवर बेतलेली आहे. सबटायटल वाचता न येणाऱ्या लहान पोरांना व्होगॉन, मार्विन आणि लोकर यांवर दोनेक हशे मिळतील, बाकी वेळ ती चुळबुळ करणार.