पाठीचे ६५ हजार घेतले, पाठ मात्र पाहिलीच नाही

'ऑपरेशनशिवाय बरं करतो' या शब्दांवर मी ६५,००० रुपये मोजले. वय ३९. वाकलं की कंबरेतून कळ जायची, उजव्या पायाला मुंग्या. लघवीलाही वेळ लागायचा, पण लाजेपोटी ते कुणाला बोलले नव्हते.

त्या स्पाइन सेंटरमध्ये पांढरा कोट घातलेल्या इसमाने एमआरआयवर नजर टाकली, 'एल-४, एल-५ ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकलीय' म्हणाला आणि २० सिटिंगचे पैसे आगाऊ घेतले. पट्ट्यांनी बांधायचं आणि मशीनने कंबर ओढायची. आठव्या सिटिंगनंतर चप्पल पायातून निसटली तरी मला कळेना. तिथे सांगितलं, तर म्हणे, 'नस मोकळी होतेय ताई, थोडं सहन करा.'

शेवटी न्यूरोसर्जनकडे गेले. ते म्हणाले, आधी पाठ दाखवा. माझ्या कंबरेखाली मधोमध जन्मापासून केसांचा पुंजका आहे, खाली बारीकशी खळी. लहानपणी तेल लावताना आईचं बोट तिथे थांबायचं. देवाची खूण म्हणायची ती. डॉक्टरांनी विचारलं, 'हे आजवर कुणी पाहिलं नाही?' कुणीच नाही!

ती खूण होती कण्यातल्या जन्मजात दोषाची. निदान झालं टेथर्ड कॉर्ड, म्हणजे जखडलेला मज्जारज्जू. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण एल-१, एल-२ मणक्यांपाशी संपतो. माझा एल-४ पर्यंत खाली होता, तळाशी चरबीने जाड झालेल्या धाग्याने जखडलेला. अशा ताणलेल्या मज्जारज्जूला ओढाताण मुळीच चालत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि मज्जारज्जू असा खाली असल्याचं माझ्या एमआरआय रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत होतं. सेंटरने टाइप करून दिलेल्या 'सारांशा'त नेमकी तीच ओळ नव्हती. याचा संताप अजून जात नाही.

मायक्रोस्कोपखाली, विजेच्या बारीक प्रवाहाने नसा तपासत तो धागा कापला. कळ गेली, पाऊल बरंच सुधारलं. लघवीचा त्रास आहेच; तो पूर्ण जाईल असं डॉक्टरांनी कबूलही केलं नव्हतं. म्हणून कळकळीने सांगते, पाठदुखीसोबत लघवी-शौचाची तक्रार असेल तर पहिल्याच भेटीत बोला, लाजू नका. मूळ रिपोर्ट स्वतः शेवटपर्यंत वाचा. उपचार करणाऱ्याचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा.

मी तो विचारला पैसे परत मागायला गेले तेव्हा. तो इसम 'आलोच' म्हणून आत गेला तो बाहेर आलाच नाही. काउंटरवरच्या मुलीने पावती पुढे केली: 'वेलनेस पॅकेज, परतावा नाही.' ती पावती, मूळ रिपोर्ट आणि त्यांचा सारांश एकत्र टाचून मी ग्राहक आयोगात दिलाय.